ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मिळाला, आता गावठाणाबाहेर घर बांधता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात वडिलोपार्जित गट आहे. सातबाऱ्यावर तीन भाऊ आणि एक आत्या अशी चार नावं आहेत. गावठाणापासून साधारण दीडशे मीटरवर, पाच गुंठ्यांत, १,२०० चौरस फुटांचं घर बांधायचं आहे. ग्रामपंचायतीने ना हरकत दाखला दिलाय, ठेकेदार पावसाळ्याआधी पाया भरून घेऊ म्हणतोय आणि बँक म्हणते, मंजूर नकाशा आणा. दाखला पुरतो का? नसेल तर पुढे काय करायचं?

दाखला पुरत नाही, आणि पाया अजून भरू नका. तुमचं काम अवघड नाही, पण क्रम चुकला तर सोपं प्रकरणही रेंगाळतं. बहुतेक लोक आधी घराचा नकाशा काढून घेतात आणि जमिनीचे कागद नंतर पाहतात. प्रत्यक्षात फाइल नकाशावर क्वचितच अडते. ती सातबारा, हद्द आणि रस्ता या तीन गोष्टींवर अडते. म्हणून त्या तिन्हींवर इथे जास्त लिहितो.

आधी परवानगी कोणाकडून घ्यायची ते बघू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ खाली ग्रामपंचायत बांधकामाला परवानगी देते, पण तिचा अधिकार गावठाणाच्या हद्दीपुरता आहे. गावठाणाबाहेरच्या गटात प्रादेशिक योजना लागू असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १८ प्रमाणे शेतीशिवाय कोणताही वापर किंवा बांधकाम करायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. प्रत्यक्षात हे अधिकार अनेक ठिकाणी प्रांत किंवा तहसीलदारांकडे सोपवलेले असतात आणि नकाशाची तांत्रिक छाननी नगररचना विभागाच्या जिल्हा शाखेत होते. पुणे, नागपूर यांसारख्या महानगर प्रदेशात गाव येत असेल, तर परवानगी त्या प्राधिकरणाची. साताऱ्यात आणखी एक गोष्ट तपासा. नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं आहे. तुमचं गाव त्या यादीत असेल, तर अर्ज तहसीलला नाही, तिकडे करायचा. हे पहिल्याच दिवशी नगररचना कार्यालयात विचारून घ्या. चुकीच्या कार्यालयात दिलेली फाइल महिनाभर पडून राहते आणि मग "आमच्या अधिकारक्षेत्रात नाही" असा शेरा घेऊन परत येते.

मग ग्रामपंचायतीच्या दाखल्याचा अर्थ काय? एवढाच, की पंचायतीची हरकत नाही, थकबाकी नाही आणि पाण्याची जोडणी मिळू शकेल. तो फाइलला जोडायचा कागद आहे, फेकू नका. पण त्याच्या जोरावर बांधकाम सुरू केलं तर कायद्याच्या नजरेत ते विनापरवाना ठरतं.

१,६०० आणि ३,२०० चौरस फुटांचा गोंधळ

गावोगाव एक समजूत पक्की झाली आहे की ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला परवानगीच लागत नाही. याचं मूळ २०२१ सालच्या शासनाच्या निर्णयात आहे. एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. तिच्या आधारे ग्रामीण भागात लहान भूखंडांना सवलत मिळाली. साधारण १५० चौरस मीटरपर्यंतच्या (सुमारे १,६०० चौरस फूट) भूखंडावर मालकीचा कागद, स्थळदर्शक आराखडा, इमारतीचा नकाशा आणि तो नियमावलीप्रमाणे असल्याचं वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत दिलं की भागतं. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत (सुमारे ३,२०० चौरस फूट) ग्रामपंचायतीने शुल्क भरून घेऊन दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचं, नगररचनाकाराकडे जायची गरज नाही.

लोक इथे एक शब्द वगळून वाचतात. हे क्षेत्र भूखंडाचं आहे, घराचं नाही. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर किंवा १,०८९ चौरस फूट. तुमचे पाच गुंठे म्हणजे जवळपास ५०६ चौरस मीटर. घर १,२०० चौरस फुटांचं असलं तरी भूखंड ३०० चौरस मीटरच्या वर जातो, त्यामुळे ही सवलत तुम्हाला लागू होत नाही. शिवाय या सवलतीने जमीन शेतीची बिनशेती होत नाही. तिची वाट वेगळी आहे.

दुसरी गल्लत गावठाणातल्या लोकांची होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा म्हणजे कर आकारणीची नोंद. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातल्या जागांना सातबारा नसतो, म्हणून लोक याच उताऱ्यावर व्यवहार करत आले. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं मिळू लागली आहेत. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत तिचा प्रयोग आधी झाला. ज्या गावात हे पत्रक तयार आहे, तिथे घर बांधताना तेच जोडा. त्यातलं क्षेत्र आणि प्रत्यक्षातली जागा जुळत नसेल तर हरकत आधी नोंदवा, भिंत उभी राहिल्यावर नको.

सातबारा नीट वाचा

डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा, आठ-अ आणि त्यावर नमूद असलेले फेरफार काढा. फेरफाराचे नंबर सातबाऱ्यावरच असतात. जुने फेरफार ऑनलाइन मिळाले नाहीत, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. त्यानंतर चार गोष्टी पाहा.

पहिली, भूधारणा पद्धती. भोगवटादार वर्ग-१ असेल तर पुढे चला. वर्ग-२, म्हणजे विक्री किंवा वापर बदलायला सरकारी परवानगीची अट असलेली जमीन, असेल तर थांबा आणि जमीन वर्ग-२ का झाली ते फेरफारात शोधा. कूळ कायद्याने मिळालेली जमीन, इनाम-वतन, सरकारने दिलेली जमीन, पुनर्वसनाची जमीन, प्रत्येकाचा मार्ग निराळा आहे. कूळ कायद्याच्या कलम ४३ ची शर्त असेल आणि खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून शर्त निघते. आकार म्हणजे सातबाऱ्यावरची शेतसाऱ्याची आकारणी, ती काही रुपयांतच असते, त्यामुळे ही रक्कम किरकोळ निघते. तरीही लोक हे काम वर्षानुवर्षं करत नाहीत आणि ऐन कर्जाच्या वेळी अडतात. जमीन मुळात आदिवासी खातेदाराची असेल, तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ची बंधनं येतात. तिथे जाणत्या वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका.

दुसरी, इतर हक्कांचा रकाना. सोसायटीचा बोजा, बँकेचं गहाण, विहिरीतला हिस्सा, पाटाची वाट, कुळाचं नाव, "तुकडा" असा शेरा, पुनर्वसनासाठी हस्तांतरण बंदी, सगळं इथेच दिसतं. फेडलेल्या पीककर्जाचा बोजा अनेकांच्या सातबाऱ्यावर तसाच राहतो. सोसायटीचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे देऊन तो कमी करून घ्या.

तिसरी, नावं. मयत व्यक्तीचं नाव असेल तर वारस नोंद आधी. तुमच्या बाबतीत चार सहहिस्सेदार आहेत. तोंडी वाटप झालंय, प्रत्येकजण आपापला बांध कसतो, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. पण सातबाऱ्यावर क्षेत्र सामाईक असेल तर कोणता तुकडा कोणाचा, हे सरकारी कागद सांगत नाही. मग दोन मार्ग उरतात. एक, बाकी तिघांचं संमतिपत्र, ज्यात घराची नेमकी जागा नकाशासह दाखवलेली असेल. दुसरा, महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप आणि त्यानंतर पोटहिस्सा मोजणी. माझं स्पष्ट मत दुसऱ्या बाजूने आहे, वेळ लागला तरी. संमतिपत्रावर घर उभं राहतं, पण पुढे एखाद्या भावाच्या मुलांनी वाटपाचा दावा लावला की ते घरही दाव्यात येतं. आत्यांचं नाव "फक्त नावाला" आहे असं समजून त्यांची सही टाळू नका. त्यांचा हिस्सा तुमच्याइतकाच खरा आहे.

वाटप करताना तुकडेबंदी कायदा ध्यानात ठेवा. १९४७ च्या या कायद्याप्रमाणे शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्राखालचे, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान क्षेत्राहून लहान, तुकडे पाडता येत नाहीत. २०२३ साली राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं. चौघांचे हिस्से त्याच्या वर असतील तर प्रश्न नाही. घरासाठी पाच गुंठे वापरात आणणं वेगळं आणि पाच गुंठ्यांची वेगळी खरेदी करणं वेगळं. दुसऱ्याकडून शेतजमिनीतले पाच गुंठे "नोटरीवर" घेऊन त्यावर घर बांधायला निघालेल्यांना या दारातून आत येता येत नाही. नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही.

चौथी, क्षेत्र. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि भूमी अभिलेखच्या आकारबंदातलं क्षेत्र एकच आहे ना, हे पडताळा. संगणकीकरणात अनेक ठिकाणी एखादा आर (१०० चौरस मीटर) इकडचा तिकडे झालेला आहे. फरक असेल तर तहसीलदारांकडे कलम १५५ खाली लेखनचूक दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो.

दोनशे मीटर कुठून मोजायचे?

जमीन महसूल संहितेतलं कलम ४२-ड तुमच्या उपयोगाचं आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी बिनशेती झाल्याचं मानलं जातं. त्यासाठी त्या वेळी लागू असलेलं शुल्क आणि लागू असेल तिथे नजराणा भरायचा असतो. त्यामुळे कलम ४४ चा जुना लांबलचक मार्ग टळतो.

पण हे अंतर गावठाणाच्या अधिकृत हद्दीपासून मोजतात. गावातलं शेवटचं घर किंवा मंदिराची कमान म्हणजे हद्द नव्हे. ही हद्द कलम १२२ खाली जिल्हाधिकारी ठरवतात आणि ती गाव नकाशावर असते. गावं हद्दीबाहेर बरीच पसरली आहेत. लोकांना वाटतं आपलं शेत गावाला लागून आहे, आणि नकाशावर मोजलं की अंतर ३५० मीटर निघतं. तुमचे "दीडशे मीटर" कशावरून काढले ते पाहा. गाव नकाशाची प्रत घ्या, त्यावर गट दाखवा आणि तहसीलने २०० मीटरच्या पट्ट्यातल्या गटांची यादी केली असेल तर त्यात आपला गट नंबर शोधा. पट्ट्याची रेषा गटाच्या मधून जात असेल तर घराची जागा पट्ट्याच्या आत ठेवा. दहा मीटर पुढे-मागे सरकल्याने प्रक्रिया बदलू शकते, म्हणून हे ठरायच्या आधी घराची जागा पक्की करू नका.

त्याबरोबर नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. अर्जाला सातबारा आणि गट नकाशा जोडतात, शुल्क थोडं असतं. दाखल्यावर "निवासी" लिहिलं असेल तर उत्तम. "शेती" किंवा "हरित" असेल तर गावठाणालगतच्या निवासी वापराची तरतूद, तिचं अधिमूल्य आणि शेतघराची तरतूद यांतली कोणती लागू पडते ते तिथेच विचारा. शेतघराला सहसा किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकर सलग क्षेत्र लागतं. झोन दाखल्यावर रस्ता रुंदीकरण किंवा आरक्षण दिसलं तर ते क्षेत्र वजा करूनच घर आखावं लागतं.

अकृषिक वापराची कलमं आणि त्यांची परिपत्रकं गेल्या दहा वर्षांत अनेकदा बदलली. म्हणून कोणाच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या फाइलवरून आपली फाइल रचू नका. चलन भरण्याआधी तहसीलमध्ये लागू परिपत्रकाचा क्रमांक विचारा आणि तो अर्जात लिहा.

मोजणी

तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडे ई-मोजणीचा अर्ज करा. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार आहेत. मोजणीची नोटीस लगतच्या सगळ्या खातेदारांना जाते. त्यांचे पत्ते अर्जात बरोबर लिहा, कारण नोटीस पोचली नाही एवढ्या कारणावरून पुढे मोजणीवर हरकत येते. मोजणीच्या दिवशी बांध साफ असू द्या, ऊस उभा असेल तर तारीख पुढे घ्या. हद्दीच्या खुणांवर लगेच दगड किंवा सिमेंटचे खांब रोवा, लाकडी खुंट्या पहिल्या नांगरटीत जातात. शेवटी 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात घ्या. तिच्यावर वहिवाटीची रेषा आणि अभिलेखातली हद्द वेगळ्या दाखवलेल्या असतील, तर घराची अंतरं अभिलेखातल्या हद्दीपासून मोजा. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत असलेला पण शेजाऱ्याच्या गटात जाणारा दोन मीटरचा पट्टा नकाशात आपला म्हणून दाखवला, तर मंजुरी मिळाली तरी ती टिकत नाही.

रस्ता, तारा, नदी, महामार्ग

गावाकडे सर्वात जास्त प्रस्ताव रस्त्यावर अडतात. बैलगाडीची वाट आहे, सगळे तिथूनच जातात, हे खरं असलं तरी ती वाट गाव नकाशावर किंवा अभिलेखात आहे का, हा प्रश्न विचारला जातो. नकाशात दुहेरी तुटक रेषा असेल तर गाडीमार्ग आहे, एकेरी असेल तर पायवाट. कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतात, पण तो शेतीसाठी दिलेला रस्ता असतो. घराच्या परवानगीला तोच पुरेल असं गृहीत धरू नका. लगतच्या खातेदाराकडून पोहोच रस्त्याचा नोंदणीकृत करार करून त्याची सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद घेतली, तर ती भक्कम बाजू होते. दुचाकी जाईल एवढ्या वाटेवर समाधान मानू नका. उद्या वाळूचा ट्रक, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी तिथूनच यायची आहे.

जमीन राष्ट्रीय महामार्गालगत असेल तर ग्रामीण भागात मध्यरेषेपासून इमारत रेषा ४० मीटर आणि नियंत्रण रेषा ७५ मीटर धरतात. राज्यमार्ग आणि जिल्हा मार्गांची अंतरं सार्वजनिक बांधकाम विभागाकडून लेखी घ्या. महामार्गावरून थेट प्रवेश हवा असेल तर त्याची परवानगी वेगळी आहे. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत असाल तर रेल्वेची ना हरकत लागते. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. किल्ल्यांच्या आणि जुन्या मंदिरांच्या गावांत हे हमखास येतं.

नदीकाठी असाल तर पाटबंधारे विभागाच्या पूररेषा तपासा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचा विचारच सोडा. दोन रेषांच्या मधे जोता लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावा लागतो. कृष्णा-कोयनेच्या काठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिला आहे, ही अट कागदी नाही.

वरून विजेच्या तारा जात असतील तर त्या नकाशात दाखवाच. उघड्या लघुदाब तारेपासून आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि उभं २.५ मीटर. ११ केव्ही वाहिनीपासून आडवं १.२ आणि उभं ३.७ मीटर. ३३ केव्हीला आडवं अंतर २ मीटर होतं. लोक फक्त आजचा स्लॅब मोजतात. उद्या वरचा मजला चढला आणि गच्चीवर माणूस हातात सळई घेऊन उभा राहिला तर काय, हे धरून मोजा.

नकाशा आणि सांगाडा

एवढं झालं की वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याकडे जा. स्थळ नकाशा १:५०० आणि इमारत नकाशा १:१०० प्रमाणात. भूखंडाची हद्द जाड काळी, प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळं, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेषेत. स्थळ नकाशात उत्तर दिशा, रस्त्याची रुंदी, चारही बाजूंची सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), विहीर, कूपनलिका, मोठी झाडं, शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा दिसले पाहिजेत. झाड दाखवलं नाही आणि स्थळपाहणीत ते नेमकं घराच्या जागी उभं निघालं, की फाइल परत.

शोषखड्डा हा ग्रामीण नकाशातला सर्वात दुर्लक्षित भाग आहे. सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर ठेवायला सांगितलं आहे. शेजाऱ्याची विहीरही मोजा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खड्डा पहिल्या पावसाळ्यात तुंबतो. तिथे खड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो किंवा पाझर चर काढावे लागतात. पाच गुंठ्यांत घर, विहीर आणि शोषखड्डा यांची अंतरं एकत्र बसवणं सोपं नसतं, म्हणून कोपरे आधी ठरवा.

सांगाड्याबद्दल आग्रहाने सांगतो. संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र पैसे देऊन सही घेण्यापुरतं राहू देऊ नका. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेत आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत काय झालं हे या राज्याला ठाऊक आहे. गावाकडे कॉलम सर्रास नऊ इंची भिंतीत लपेल असा, ९ बाय १२ इंचांचा काढतात. भूकंपरोधक सांगाड्याच्या २०१६ च्या मानकात कॉलमची सर्वात लहान बाजूही ३०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास १२ इंच हवी. रिंगांचे आकडे (हुक) ९० अंशात न वळवता १३५ अंशात आत वळवायचे. भूकंपाच्या हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट उडालं की ९० अंशाची रिंग उघडते आणि उभ्या सळया फाकतात. ही दुरुस्ती ठेकेदाराशी दर ठरवण्याआधी करा, कारण स्टील आणि काँक्रीट दोन्ही वाढतं आणि नंतर तो ते मान्य करत नाही.

अर्ज, शुल्क आणि त्रुटीपत्र

अनेक कार्यालयांत अर्ज महावास्तु या ऑनलाइन प्रणालीतून जातो आणि तो तुमचा वास्तुविशारद किंवा अभियंता भरतो. अर्जासोबत सातबारा, आठ-अ, फेरफार, 'क' प्रत, झोन दाखला, भाग नकाशा, सहहिस्सेदारांची संमती, रस्त्याचा पुरावा, ग्रामपंचायतीचा दाखला, संरचना अभियंत्याचं पत्र आणि लागतील त्या विभागांचे ना हरकत दाखले जोडा. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं हवं. सातबाऱ्यावर "बापू", आधारवर पूर्ण नाव आणि संमतिपत्रावर तिसरंच, एवढ्यावरही त्रुटी निघते. एकाच व्यक्तीची नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा.

त्रुटीपत्र आलं की घाबरू नका, पण सगळ्या मुद्द्यांना एकाच वेळी, क्रमांक घालून, लेखी उत्तर द्या. दोन कागद आज आणि तिसरा पंधरा दिवसांनी असं केलं की फाइल दर वेळी पुन्हा टेबलाच्या तळाशी जाते. कायद्यात ६० दिवसांनंतर मानीव परवानगीची, म्हणजे उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरण्याची, तरतूद आहे, पण ती नियमात तंतोतंत बसणाऱ्या प्रस्तावालाच. तिच्या भरवशावर काम सुरू करू नका, बँकाही सहसा ती धरत नाहीत.

शुल्कात छाननी शुल्क, विकास शुल्क, लागू असेल तर अधिमूल्य आणि कामगार उपकर येतो. उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का असतो. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च १० लाखांपर्यंत असेल तर तो पूर्वी लागत नव्हता; नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये ही मर्यादा ५० लाख आहे. तुमचं घर त्या मर्यादेत बसतं का, हे हिशेब करण्याआधी विचारून घ्या. पैसे फक्त चलनाने भरा आणि पावतीवर गट नंबर घालून घ्या.

मंजुरीनंतर

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्षासाठी असतं. दरवर्षी मुदतवाढ घेऊन ते एकूण चार वर्षांपर्यंत चालतं, पण मुदतीत काम जोत्यापर्यंत तरी गेलं पाहिजे, नाहीतर नव्याने अर्ज करावा लागतो. पायाच्या खोदाईतला मुरूम त्याच भूखंडात भरावाला वापरला तर अडचण नाही. तो बाहेर नेला किंवा दुसरीकडून आणला तर तहसीलची गौण खनिज परवानगी आणि वाहतूक पास लागतो. पासाशिवाय ट्रॅक्टर पकडला गेला तर दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो. भरावाचा मुरूम पुरवणाऱ्याकडून पासाची प्रत मागून घ्या, "सगळं माझ्याकडे आहे" यावर राहू नका.

आखणी 'क' प्रतीतल्या खांबांपासून करा, जुन्या बांधापासून नाही. चुन्याची रेषा पडली की अभियंत्याला बोलावून चारही अंतरं टेपने मोजून घ्या. जोता पूर्ण झाला की तसं कळवा, जोता तपासणी होऊ द्या आणि मगच भिंती चढवा. अंतर कमी पडल्याचं जोत्यावर लक्षात आलं तर दुरुस्ती काही हजारांत होते, स्लॅबनंतर ती होत नाही. आतली भिंत सरकली तर पूर्णत्वाच्या नकाशात दाखवता येते. बाहेरची रेषा, उंची किंवा मजला बदलायचा असेल तर आधी सुधारित मंजुरी घ्या. ठेकेदार "जिना बाहेरून घेऊ, आत जागा वाचेल" असं हमखास सुचवतो. त्याने सामासिक अंतर मोडतं आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर राहायला वापरण्याची परवानगी, अडतं.

काम संपल्यावर अभियंत्याचा पूर्णत्वाचा दाखला देऊन भोगवटा प्रमाणपत्र घ्या. गावात ते कोणी घेत नाही म्हणून सोडू नका. कर्जाचा शेवटचा हप्ता, पुढची विक्री, वरचा मजला, सगळं त्यावर अवलंबून असतं. बांधकामासाठी घेतलेलं तात्पुरतं वीज कनेक्शन कायम करून घ्या आणि ग्रामपंचायतीत नमुना ८ ला घराची नोंद करा. शेवटी भूमी अभिलेखकडे बिनशेती क्षेत्राची मोजणी आणि कमी-जास्त पत्रक, ज्याला तिथे सगळे कजाप म्हणतात, ते करून घ्या. त्याने घराखालचे पाच गुंठे अभिलेखात वेगळे होतात आणि उरलेल्या शेताचा सातबारा स्वतंत्र राहतो. हे केलं नाही, तर पुढे शेतावर पीककर्ज काढताना घर आणि घर विकताना शेत मध्ये येतं.